हार चढण्याआधीचे चित्र

रोडपालीतल्या इमारतींत चार घरी जाणे झाले, की त्यांतल्या एखाद्या दिवाणखान्यात ती चौकट हमखास दिसते. टीव्हीच्या वर किंवा देव्हाऱ्याच्या शेजारी, चंदनाचा नाहीतर प्लास्टिकच्या फुलांचा हार, वर मिणमिणता विजेचा दिवा आणि मध्ये आजोबा किंवा आजी. चेहरा बहुधा बँकेच्या किंवा पेन्शनच्या कामासाठी घाईने काढलेल्या लहानशा फोटोवरून मोठा केलेला असतो. ‘मान सरळ ठेवा, डोळे उघडा’ असे छायाचित्रकाराने बजावलेले असते आणि त्या हुकमाचा ताठरपणा चेहऱ्यावर कायमचा राहिलेला असतो. घरच्यांच्या आठवणीतले आजोबा असे कधीच बसत नसत. ते चष्म्याच्या वरून पाहत, एक खांदा किंचित खाली सोडत, बोलताना मिशीवरून बोट फिरवत. त्यातले काहीच त्या चौकटीत उतरलेले नसते.

पुढे वर्षश्राद्धाच्या सुमारास कोणाच्या तरी मनात येते, की एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून यांचे तैलचित्र करून घ्यावे. चित्रकाराच्या हाती तोच फोटो पडतो. तो विचारतो, डोळे काळे होते की घारे? वर्ण कसा होता? कानाची पाळी सुटी होती की गालाला चिकटलेली? ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षे संसार केला, ज्यांच्या हातचे जेवण लहानपणापासून खाल्ले, त्यांच्याविषयीच्या या साध्या प्रश्नांवर घरात एकमत होत नाही. हे प्रेमाच्या अभावाने घडत नाही. आपण आपल्या माणसांना रोज पाहतो, पण निरखत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून या लेखातले सांगणे एवढेच, की घरातील वडीलधाऱ्यांचे चित्र करून घ्यायचे असेल, किंवा स्वतः काढायचे असेल, तर ते त्यांना समोर बसवून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या हयातीत करावे.

रोडपाली हे पनवेल महापालिकेतले, कळंबोली वसाहतीला लागून असलेले गाव. जुने गावठाण आहे, तलाव आहे, आणि भोवती सिडकोच्या आखणीतून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. या इमारतींत घाटावरून, कोकणातून, खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात आणि त्यांच्याबरोबर गाव सोडून मुलाकडे आलेले वृद्ध राहतात. गावी ओट्यावर बसले, की येणारा-जाणारा दहा वेळा त्यांच्याकडे पाहून ‘काय आबा’ म्हणत असे. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तसे पाहणारे कोणी नाही. मुलगा-सून काळजी घेतात. पण त्यांची नजर रक्तदाबाच्या आकड्यावर, घोट्यावरच्या सुजेवर, गोळ्यांच्या डबीतल्या रिकाम्या खणावर असते. ती नजर आवश्यक आहे, यात शंका नाही. तरी तासभर कोणी केवळ आपला चेहरा पाहत बसले आहे, कपाळावरची आठी कशी वळते याचा विचार करीत आहे, हा अनुभव म्हातारपणी फार दुर्मिळ होतो. व्यक्तिचित्राच्या बैठकीत तो आपोआप मिळतो. चित्रामुळे साखर उतरते किंवा झोप लागते असला दावा मी करणार नाही. माणसाला माणसाने पाहिले, हा लाभ पुरेसा आहे.

चित्राला बसणाऱ्याच्या जन्मभर ती बैठक कशी पुरते, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आणि त्यांची कन्या गीता. सावंतवाडीला १८८२ मध्ये जन्मलेले हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी मुलीला हातात दिवा देऊन उभे केले आणि ज्योतीवर धरलेल्या तळहातातून झिरपणारा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर कसा पडतो ते जलरंगात टिपले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजून पाहतात, हा हळदणकरांवर नित्याने होणारा अन्याय. गीता उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ मध्ये निवर्तल्या. म्हणजे वडील १९६८ मध्ये गेल्यानंतरही पन्नास वर्षे त्या ‘दिवा घेतलेली मुलगी’ म्हणून ओळखल्या जात होत्या. माध्यम जलरंगाचे असले, तरी समोर उभे राहणारा आणि पाहणारा यांचे नाते तेच.

व्यावसायिक चित्रकारांच्या कामात दोन प्रवाह नेहमी दिसतात. एक मागणीबरहुकूम केलेल्या चित्रांचा, दुसरा घरच्या माणसांचा. गोव्यात १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे. स्कूलमध्ये शिकवीत आणि मुंबईतील प्रतिष्ठितांची तैलचित्रे करीत. पण पत्नी फ्लोरेंतिना आणि मुली यांची त्यांनी केलेली चित्रे पाहावीत. पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. मागणीच्या चित्रात माणूस पदासह, पगडीसह, पदकासह बसलेला असतो. घरच्या चित्रात तो नुसता बसलेला असतो. आपल्या काळातील नामवंत व्यक्तिचित्रकार वासुदेव कामत यांना अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार २००६ मध्ये मिळाला, तोही पत्नीच्या चित्राला. चित्रकाराला पैसे देऊन चित्र करून घेतानाही हा घरगुतीपणा मागता येतो. आजींना ठेवणीतला शालू नेसवून बसवण्यापेक्षा रोजच्या सुती लुगड्यात बसवावे, आजोबांना कोटात कोंबू नये. अर्थात आजींनाच शालू हवा असेल, तर शालूच. चित्र त्यांचे आहे.

माध्यमाची निवड करताना प्रकृतीचा विचार आधी करावा. कोळसा म्हणजे चारकोल हे फार जुने आणि फार सोपे साधन. विलो किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवा लागू न देता बंद भांड्यात भाजल्या, की रेखाटनाचा कोळसा तयार होतो. आपल्याकडचे जुने चित्रकार चिंचेच्या काटक्यांचा कोळसा वापरीत. तो कागदावर सहज उमटतो, बोटाने पसरतो, मऊ खोडरबराने उचलला जातो. एका सकाळी तास-दीड तासात, मध्ये विश्रांती घेऊन, चांगले रेखाटन पुरे होऊ शकते. ज्यांना फार वेळ बसवत नाही त्यांच्यासाठी हेच माध्यम योग्य.

कोळशाने वृद्ध चेहऱ्याला किती न्याय देता येतो हे पाहायचे, तर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ मध्ये काढलेले आपल्या आईचे रेखाटन पाहावे. ते आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. आई ६३ वर्षांची होती. पती वारल्यावर ती या मुलाकडेच राहायला आली होती. अठरा बाळंतपणे आणि अनेक आजार तिने काढले होते. कपाळावरच्या सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, मानेच्या ताणलेल्या शिरा यांतले ड्यूररने काहीही झाकले नाही, आणि तरीही त्या चित्रात क्रूरपणा नाही. रेखाटनानंतर दोन महिन्यांनी ती गेली. हे चित्र कोणी मागितलेले नव्हते. आजारी आईला घरात सांभाळणाऱ्या मुलाने ते काढले होते, म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांना ते जवळचे वाटावे.

तैलरंगांची गोष्ट निराळी. त्यात रंगद्रव्य जवसाच्या तेलात खललेले असते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होते. एक थर हाताला सुका लागायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात आणि आपल्या पावसाळ्यात त्याहून अधिक. त्यामुळे तैलचित्राच्या बैठका टप्प्याटप्प्यानेच होतात. मध्ये आठवडा गेला, तरी बिघडत नाही, आणि ही सवड वृद्धांच्या सोयीची असते. एखाद्या दिवशी बरे वाटत नसेल, तर बैठक पुढे ढकलावी.

आता बैठकीविषयी. खुर्ची हातांची असावी, पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. टेकत नसतील, तर खाली पाट ठेवावा. पाय अधांतरी लोंबत राहिले, की सूज वाढते आणि कंबर दुखते. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा अधिक बसवू नये. धडधाकट तरुणांनाही चित्रकार साधारण एवढ्याच वेळाने मोकळे करतात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी तर दर पंधरा-वीस मिनिटांनी शरीराचा भार थोडा हलवलाच पाहिजे, नाहीतर एकाच जागी दाब पडून त्वचेला जखम होण्याचा धोका असतो. बराच वेळ स्थिर बसल्यावर एकदम उठू देऊ नये. उठताना रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पडण्याचे निम्मे प्रसंग अशाच क्षणी ओढवतात असे वाटावे, इतकी ही गोष्ट नेहमीची आहे. आधी पाय हलवावेत, दीर्घ श्वास घ्यावा, आधार घेऊन उभे राहावे. मधुमेह असेल, तर जेवणाची आणि औषधाची वेळ बैठकीच्या मध्ये येणार नाही असे पाहावे. लघवीला जाऊन येणे आधीच उरकावे; पाहुण्या चित्रकारासमोर संकोचाने कळ सोसत बसणारे आजोबा चित्रात तसेच दिसतात.

चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी या तिन्हींचा निर्णय पहिल्याच दिवशी करावा. कवळी काढली, की गाल आत जातात, हनुवटी पुढे येते, ओठांची रेषाच बदलते. एका बैठकीला कवळी लावलेली आणि दुसरीला नाही, असे झाले, तर चित्रकाराच्या हाती दोन वेगळी माणसे लागतात. पार्किन्सनच्या विकारात चेहऱ्यावरचे हावभाव मंदावतात. अशा वेळी गोळीचा परिणाम चांगला असण्याची वेळ घरच्यांना ठाऊक असते, ती चित्रकाराला सांगावी.

प्रकाश खिडकीचा, एका बाजूने येणारा असावा. उत्तरेची खिडकी उत्तम. फक्त आपल्या अक्षांशावर मे ते जुलै या काळात थोडे ऊन उत्तरेकडूनही आत येते, तेव्हा पांढरा पडदा ओढावा. मोतीबिंदू झालेल्यांना समोरचा झगझगीत प्रकाश सोसत नाही, म्हणून त्यांचे तोंड खिडकीकडे सरळ न ठेवता तिरपे ठेवावे. आणि बोलू द्यावे. गप्प बसलेला चेहरा पाच मिनिटांत उतरतो. शेजारी एखादे जुने शेजारी किंवा नातवंड बसवून गावच्या गोष्टी काढाव्यात. ओठ काढण्यापुरती दोन मिनिटांची शांतता चित्रकार मागून घेईल.

घरातच चित्र होणार असेल, तर एका बाबतीत मात्र कठोर राहावे. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने धूळ-धुरामुळे आपल्याकडे खिडक्या बंद ठेवण्याची सवय आहे. बंद खोलीत टर्पेंटाइन उघडले, तर डोके दुखणे, घसा आणि डोळे चुरचुरणे हे निरोग्यालाही होते. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्याला त्याने धाप लागू शकते. अशा घरी चित्रकाराला टर्पेंटाइनशिवाय काम करण्याची विनंती करावी. कुंचले जवसाच्या तेलाने पुसून मग साबणाने धुता येतात. पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. घरात प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर चालू असेल, तर टर्पेंटाइनसारखा ज्वालाग्राही द्रव त्या खोलीत आणूच नये. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडली, की चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात किंवा मोकळ्या हवेत उलगडून वाळवाव्यात. कोळशाची पूड फुंकून उडवू नये, कागद बाहेर नेऊन हलकेच झटकावा. आणि रेखाटन पक्के करण्यासाठी मारायचा फवारा आजींच्या खोलीत न मारता गच्चीवर मारावा.

सुरकुत्यांचा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. मुलांना वाटते, थोडे तरुण दाखवावे. चित्रकारालाही बिदागी मिळवायची असते, तोही मऊ करतो. अर्धांगवायूने तोंडाची एक बाजू उतरलेली असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. यात निर्णय मुलांचा नाही आणि चित्रकाराचाही नाही. ज्यांचे चित्र आहे त्यांनाच विचारावे. काहींना दुसऱ्या बाजूने बसायचे असते. काहींना त्याचे काहीच वाटत नाही. आजारपण चित्रात आले, म्हणजे अपमान झाला असे मात्र नाही. स्पेनचा फ्रान्सिस्को गोया १८१९ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मरणाच्या दारी जाऊन परतला. पुढच्याच वर्षी त्याने तैलरंगात स्वतःला रंगवले ते अंथरुणात निपचित, चादर मुठीत धरलेला, आणि मागून डॉक्टर आर्रिएता त्याला खांद्याने सावरून औषधाचा पेला ओठांशी नेत आहेत, असे. खाली डॉक्टरांचे आभार मानणारा मजकूर आहे. ज्याची शुश्रूषा झाली त्याने शुश्रूषा करणाऱ्याला चित्रात अशी जागा दिली. रुग्णसेवा करणाऱ्या वाचकांनी ते चित्र एकदा तरी शोधून पाहावे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत सावधपणा हवा. बैठक सकाळची ठेवावी, कारण संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. चित्र काढत आहोत हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागेल. चित्र पुरे झाल्यावर त्यांनी ते ओळखले नाही, ‘ही म्हातारी कोण’ म्हणून विचारले किंवा घाबरल्या, तर हट्टाने पटवू नये. चित्र काही दिवस नजरेआड ठेवावे. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार विल्यम उटरमोलन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे ते स्वतःचीच चित्रे काढत राहिले. ती ओळीने पाहताना चेहऱ्याची बांधणी सुटत जाते, डोळे-नाक जागा सोडतात, शेवटी पेन्सिलीने काढलेल्या डोक्यात चेहरा जवळजवळ उरतच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००१ मध्ये त्यांच्या चित्रांची दखल घेतली. डॉक्टरांना त्यात रोगाची वाटचाल दिसली. मला मात्र त्यात हात सोडून न देणारा एक चित्रकार दिसतो.

यावरून एक गोष्ट सुचते. वडीलधाऱ्यांना नुसते बसवण्याऐवजी त्यांच्याच हाती कोळसा द्यावा. संधिवाताच्या बोटांना बारीक पेन्सिल धरवत नाही, पण अंगठ्याएवढी जाड चारकोलची कांडी धरता येते, आणि रेषा बोटांनी न काढता खांद्यापासून हात फिरवून काढता येते. दृष्टीसाठीही ते सोयीचे. मोतीबिंदूने भिंग पिवळसर होते आणि निळ्या-जांभळ्या छटा नीट कळत नाहीत. क्लोद मोनेसारख्या रंगांच्या बादशहालाही १९२३ मध्ये शस्त्रक्रिया होईपर्यंत याचा त्रास सोसावा लागला. कोळशात रंग ओळखायचा प्रश्नच नाही, फक्त उजेड आणि सावली. आजोबांनी आजींचे चित्र काढावे. साम्य जमले नाही, तर आजी ते सांगतीलच.

माणूस आधीच गेलेले असेल, तर फोटोवरून चित्र करण्याला पर्याय नाही आणि त्यातही उत्तम काम होते. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रे आहेत, एक स्त्रीवेषातले, एक पुरुषवेषातले. रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले, तेव्हा गंधर्वांना जाऊन वर्ष होत होते, आणि चित्रांत ते ऐन उमेदीतले आहेत. तेव्हा चित्रकाराला एकच फोटो न देता मिळतील तेवढे द्यावेत. बाजूने काढलेला, हसताना काढलेला, लग्नाच्या गर्दीतला असला, तरी चालेल. चष्मा, टोपी, लुगडे प्रत्यक्ष दाखवावे. ज्यांचे फोटो पुढे लागतील ते आजच नीट काढून ठेवावेत: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, निदान सहा-सात फूट लांबून. मोबाइल चेहऱ्याजवळ नेला, की नाक फुगते आणि कान मागे पळतात. त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. तिच्यातून निघालेल्या आजी कोणाच्याच आजी नसतात.

चित्रकाराशी व्यवहार ठरवताना आकार, माध्यम, बैठकांची संख्या, आगाऊ रक्कम आणि किती फेरबदल करून मिळतील हे कागदावर असावे. कोळशाच्या रेखाटनाला काच लागते. काच आणि कागद यांत जाड पुठ्ठ्याचे अंतर हवे, नाहीतर दमटपणात कागद काचेला चिकटतो. तैलचित्राला काच नको. त्यावर वॉर्निश द्यायचे, तर सहा महिने ते वर्षभर थांबावे. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर दोन्ही लावू नयेत आणि चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही.

चित्राच्या मागे नाव, वय, तारीख, चित्रकाराचे नाव आणि बैठकीच्या वेळी घरात कोण कोण होते ते लिहून ठेवावे. ड्यूररनेही आईचे वय त्या कागदावरच लिहिले होते. कोळशाचे रेखाटन असेल, तर हे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. शाई कागदातून पुढच्या बाजूला उमटते.